तारेवरचं कबुतर, खोपोलीचं पाणी आणि पंचवीस हजार व्होल्ट



आमच्या वर्गाच्या खिडकीतून लोकलच्या तारा दिसतात. परळ-लालबाग भागातल्या बऱ्याच शाळांमधून त्या दिसतात, त्यात विशेष काही नाही. पण मागे एकदा परिसरातल्या विजेवर बोलत असताना खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, त्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात ना? मग कबुतर कसं बसलंय?"

मी उत्तर दिलं. कबुतराचे पाय कोरडे असतात, त्यावर जाड कातडी असते, म्हणून त्याला शॉक लागत नाही, असं काहीतरी. मुलांनी माना डोलावल्या. माझं उत्तर साफ चुकीचं होतं. आणि नुसतं चुकीचं नाही, तर धोक्याचं होतं, कारण त्यातून मुलं असा अर्थ काढू शकतात की पायात कोरडी रबरी चप्पल असली की झालं. पंचवीस हजार व्होल्टपुढे चपलेचा भरवसा धरायचा नसतो.

घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की व्होल्ट म्हणजे काय हे मला पाठ होतं, कळलेलं नव्हतं. डी.एड.ला व्याख्या लिहून गुण मिळवले होते, तेवढंच. आपल्यातल्या अनेकांचं असंच असेल असं वाटतं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी आपण रोज काय बोलतो ते बघू. "या तारेतून ४४० व्होल्ट वाहतात." "पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह अंगातून गेला." बातम्यांमध्येही हीच भाषा असते. पण व्होल्ट वाहत नाहीत. वाहतो तो विद्युतप्रभार, आणि त्याच्या वाहण्याला आपण विद्युतधारा म्हणतो, ती अँपिअरमध्ये मोजतो. व्होल्ट हे वाहण्याचं माप नाही, फरकाचं माप आहे. पाठ्यपुस्तकातला शब्द या बाबतीत फार नेमका आहे: विभवांतर. शब्दातच 'अंतर' आहे, म्हणजे दोन जागा आल्याच. एकाच जागेला अंतर कसं असेल? "परळचं अंतर किती?" असं कोणी विचारलं तर आपण लगेच विचारू, "कुठून?" पण "तारेत किती व्होल्ट?" या प्रश्नाला आपण "कशाच्या तुलनेत?" असं विचारत नाही. सगळा घोळ इथे सुरू होतो.

चाळीचा तिसरा मजला

मुलांना मी हे चाळीवरून सांगते. गिरगाव असो की लालबाग, चाळ सगळ्यांनी पाहिलेली आहे, बरेच जण राहतातही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तुम्ही उभे आहात. शेजारची काकूही तिसऱ्याच मजल्यावर उभी आहे. तुम्ही गॅलरीतून चालत तिच्याकडे गेलात तर पडाल का? नाही. तुम्ही दोघं जमिनीपासून तीस-पस्तीस फूट उंच आहात, पण तुमच्या दोघांत उंचीचा फरक शून्य आहे. आता कठड्याबाहेर पाय टाकला तर? तीच उंची जीवघेणी होते, कारण आता एक टोक तिसऱ्या मजल्यावर आणि दुसरं तळमजल्याच्या फरशीवर आहे.

कबुतराचे दोन्ही पाय तिसऱ्या मजल्यावर असतात. बस, एवढंच. पायाची कातडी, कोरडेपणा यांचा काही संबंध नाही.

हे नुसतं समजुतीसाठी नाही, आकडेमोड करून बघता येतं. लोकल ज्या तारेतून वीज घेते ती तांब्याची, साधारण बारा मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून समजा १०० अँपिअर धारा जाते आहे. तांब्याचा रोध इतका कमी असतो की अशा तारेच्या एक मीटर लांबीत जेमतेम ०.०१६ व्होल्टचा फरक पडतो. कबुतराच्या दोन पायांत पाच सेंटिमीटर अंतर धरा. म्हणजे त्याच्या दोन पायांमधलं विभवांतर एक सहस्रांश व्होल्टपेक्षाही कमी! घड्याळातल्या पेन्सिल सेलचे दीड व्होल्ट याच्या हजार पटींहून जास्त आहेत. आता सांगा, पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर बसलेल्या कबुतराला किती व्होल्ट मिळाले?

पंचवीस हजार हा आकडा कुठल्या दोन जागांमधला, तर वरची तार आणि खालचा रूळ यांच्यामधला. वीज तारेतून गाडीत येते, मोटारींचं काम करून चाकांवाटे रुळात उतरते आणि परत जाते. रूळ जमिनीशी जोडलेला, म्हणजे तो आपला तळमजला. (कोणी चौकस पालक विचारतील की ही तर एसी वीज, तिची उंची सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होत राहणार. होते. पण अख्खी चाळच लिफ्टसारखी वर-खाली झाली तरी तिसऱ्या मजल्यावरचे दोघं शेजारी एकमेकांच्या बरोबरीनेच राहतील ना!)

'धोका ४४० व्होल्ट' ही कवटीची पाटीही याच नजरेने वाचायला हवी. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, ती फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमधली. मोठ्या मोटारींना तीन फेज लागतात, आणि त्यातल्या दोन फेजमधला फरक चारशेच्या आसपास येतो. म्हणजे त्याच खोक्यात २३० पण आहे आणि ४०० पण आहे, कुठल्या दोन तारा धरता त्यावर ठरतं. (धरायच्या नाहीत, हे सांगणे न लगे.)

खोपोलीला पाणी पडतं आणि परळला गिरणी चालते

फरक कळला, पण व्होल्टमध्ये नेमकं काय मोजतात? इथे आपल्याच भागाचा इतिहास मदतीला येतो, आणि तो मुलांना सांगायलाच हवा असं माझं मत आहे. गिरणगावातल्या मुलांना गिरण्या संपाच्या गोष्टीतून किंवा मॉलच्या नावांतून माहीत असतात. त्या चालत कशावर होत्या हे कोणी सांगत नाही.

सुरुवातीला गिरण्या वाफेवर चालत. कोळसा जाळायचा, धूर आकाशात. १९१० साली टाटांनी जलविद्युत कंपनी काढली. लोणावळ्याच्या आसपास, सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, ते मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचं, तिथे चाकं फिरवून वीज करायची आणि ती तारांनी मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. तिथून साठ-सत्तर किलोमीटर तारांवरून वीज आली ती आपल्या परळला, आणि इथून ती गिरण्यांना वाटली गेली.

खोपोलीला पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून येतं. एक किलो पाणी पाचशे मीटर खाली आलं की साधारण पाच हजार ज्यूल ऊर्जा देतं. दोन किलो आलं तर दहा हजार. पाणी किती हे वेगळं, पण दर किलोमागे किती ऊर्जा मिळणार हे फक्त उंचीच्या फरकाने ठरतं. अगदी हेच विजेत. किलोच्या जागी प्रभाराचं माप कूलॉम घ्या. एक कूलॉम प्रभार एका जागेहून दुसऱ्या जागी गेला तर किती ज्यूल ऊर्जा देतो, तितके व्होल्ट त्या दोन जागांमध्ये आहेत. घरच्या मिक्सरमधून एक कूलॉम गेला की २३० ज्यूल. पेन्सिल सेलमधून एक कूलॉम गेला की दीड ज्यूल. व्होल्ट म्हणजे 'ज्यूल दर कूलॉमला', भाजीच्या 'रुपये दर किलोला' सारखं.

ही 'दर' ची कल्पना पक्की झाली की दोन गोष्टी आपोआप उलगडतात.

पहिली, कंगव्याची. कोरड्या केसांवर घासलेल्या प्लॅस्टिकच्या कंगव्यावर हजारो व्होल्ट असू शकतात. ऐकून पालक दचकतात. पण त्यावर प्रभार असतो कूलॉमचा अब्जांश वगैरे. खंडाळ्याच्या कड्यावरून पाण्याचा एक थेंब पडला तर उंची पाचशे मीटरच असते, पण डोक्यावर पडला तरी काय होणार? त्याच उंचीवरून नळ भरून पाणी आलं तर मात्र गिरणी चालते. उंची आणि पाणी, दोन्ही हवं. तारेच्या मागे अख्खं वीजघर उभं असतं, कंगव्यामागे फक्त आपले केस.

दुसरी, इतके जास्त व्होल्ट घ्यायचेच कशाला ही. खोपोलीहून परळला वीज एक लाख व्होल्टने आणली होती. हौस म्हणून नाही. समजा एका लोकलला जोरात निघताना तीस लाख वॅट लागतात. १,५०० व्होल्टने द्यायचे तर २,००० अँपिअर धारा हवी. २५,००० व्होल्टने दिले तर फक्त १२० अँपिअर पुरते. काम तेच, पण धारा जवळजवळ सतरा पटींनी कमी. तारेत जी ऊर्जा तापून फुकट जाते ती धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे त्याच तारेत ते नुकसान पावणेतीनशे पटींहून जास्त कमी झालं. उंची वाढवून पाणी थोडं वापरा, असा हा हिशोब.

जाता जाता एक गोष्ट. ही वरची उंची कोणाला फुकट मिळाली नव्हती. टाटांच्या पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. विज्ञानाच्या तासाला इतिहास कशाला, असं कोणी म्हणेल. मी तरी सांगते.

उतार म्हणजे विद्युतक्षेत्र

आता अवघड वाटणारा भाग. प्रभाराच्या भोवतीच्या जागेत विद्युतक्षेत्र असतं असं आपण शिकवतो, बाण काढतो आणि पुढे जातो. मुलांना ते बाण म्हणजे चित्रातली नक्षी वाटते. मलाही वाटायची.

परत उंचीकडे जाऊ. जुन्या चाळीचा लाकडी जिना आठवा, शिडीसारखा उभा. एक मजला तुम्ही आठ-दहा फुटांत चढता, गुडघे बोलायला लागतात. आता लालबागचा उड्डाणपूल बघा. गाडी तितकीच उंची चढते, पण लांबवर पसरलेल्या उतारावरून, कळतही नाही. उंचीचा फरक सारखा, उतार वेगळा. उतार म्हणजे दर पावलाला किती उंची बदलते ते. विद्युतक्षेत्र म्हणजे दर मीटरला किती व्होल्ट बदलतात ते. व्होल्ट भागिले मीटर. बाण दाखवतात तो उताराची दिशा: धन प्रभार इथे ठेवला तर कुठल्या बाजूला घसरेल.

आणि हा उतार फक्त तारेत नसतो, रिकाम्या जागेतही असतो. चेंडू ठेवला नाही म्हणून जिन्याचा उतार नाहीसा होत नाही, तसं. २००४ साली रिचर्ड बॉक्स नावाच्या कलाकाराने इंग्लंडमध्ये उच्चदाबाच्या तारांखालच्या शेतात हजाराहून जास्त ट्यूबलाइट नुसत्या मातीत खोचून उभ्या केल्या होत्या. एकाही ट्यूबला वायर जोडलेली नव्हती. अंधार पडला की त्या मंद उजळायच्या. ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या टोकांत, मधल्या मोकळ्या हवेतच, तेवढा व्होल्टचा फरक होता.

वर्गात करायचं तर कंगवाच बरा. नळाची अगदी बारीक धार सोडा आणि घासलेला कंगवा न टेकवता जवळ न्या. धार कंगव्याकडे वाकते. हात न लावता ओढ, हेच क्षेत्र. मात्र हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत करू नका. मी केला आणि फजिती झाली. हवेत इतका दमटपणा असतो की कंगव्यावरचा प्रभार टिकतच नाही, आणि मुलं "बाई, काहीच होत नाही" म्हणून हसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, केसांना तेल नसलेला विद्यार्थी शोधा (हे जास्त कठीण!), आणि धार करंगळीपेक्षा बारीक ठेवा.

हवा कधी फाटते

हे सगळं आपल्या मुलांच्या जिवाशी कसं जोडलेलं आहे ते आता सांगते, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

हवा विजेला अडवते, पण एका मर्यादेपर्यंत. उतार साधारण दर मीटरला तीस लाख व्होल्ट इतका तीव्र झाला की हवेचे कण तुटतात आणि ती स्वतःच वीज वाहू लागते. ठिणगी पडते. आकाशातली वीज हेच करते. तीस लाख दर मीटर म्हणजे दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट.

मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली. ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं मुंबईच्या लोकल याच १,५०० व्होल्टवर चालल्या. मग टप्प्याटप्प्याने सगळं २५,००० व्होल्ट एसीवर नेलं गेलं. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये आणि हार्बरचं २०१६ मध्ये पूर्ण झालं. गाड्यांचे डबे बदलले, भोंगा बदलला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तारेतला बदल मात्र दिसत नाही. तार तशीच दिसते.

आता गणित करा. १,५०० व्होल्टला हवा पार करायला अर्धा मिलिमीटर फट लागायची, म्हणजे जवळजवळ स्पर्शच. २५,००० हा एसीचा परिणामी आकडा आहे, शिखरावर तो सुमारे ३५,००० पर्यंत जातो. म्हणजे अगदी गुळगुळीत, सपाट गोष्टींतसुद्धा सेंटिमीटरहून जास्त. आणि समोर टोकदार वस्तू असेल तर याच्या कितीतरी पट. टोकाजवळ उतार फार तीव्र होतो म्हणून तिथे हवा आधी फाटते. छत्रीचं टोक, सळई, सेल्फी स्टिक, वर केलेलं बोट, सगळी टोकंच. त्यात माणूस हलतो, तोल जातो, वारा असतो. म्हणूनच या तारेच्या दोन मीटरच्या आत जायचं नाही, असा रेल्वेचा दंडक आहे. दोन मीटर म्हणजे मोठ्या माणसापेक्षा उंच.

डब्याचं छत रुळापासून चार मीटरच्या आसपास असतं आणि तार साधारण साडेपाच मीटरवर. पुलाखाली आणखी खाली. सातवी-आठवीतलं पोर उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यावर फोटो काढायला चढून उभं राहिलं तर त्याचं डोकं कुठे येतं ते तुम्हीच मोजा. त्याने तारेला हात लावायची गरजच नसते. डबा रुळावर, रूळ म्हणजे तळमजला, पोराचे पाय तळमजल्यावर आणि डोकं तिसऱ्या मजल्याला भिडलेलं. मधल्या हवेत उतार इतका तीव्र की ती फाटते. बातमीत मग येतं: "तारेला स्पर्श झाल्याने." पुष्कळदा स्पर्श झालेलाच नसतो.

पालकांना विशेष सांगायचं ते असं. आपण, म्हणजे आज जे तिशी-चाळिशीत आहोत ते, १,५०० व्होल्टच्या मुंबईत वाढलो. गर्दीत टपावर बसून जाणारी माणसं आपण डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली कित्येक तेव्हाही दगावली, १,५०० व्होल्ट काही दयाळू नव्हते. पण "तारेला हात लागला नाही तर काही होत नाही" हे जे आपल्या मनात बसलं आहे ते त्या काळचं आहे. आपण तेच मुलांना सांगतो. ते आता लागू नाही.

आणखी एक आपल्या भागापुरती अडचण. शहर भागात बेस्टच्या केबल जमिनीखालून जातात. गावाकडच्या मुलासारखे खांब आणि उघड्या तारा आपल्या मुलांना दिसत नाहीत. इमारतींमधून लोंबणाऱ्या दिसतात त्या टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरी, ज्यांना मुलं बिनधास्त ओढतात. त्यामुळे 'तार' या शब्दाची भीती कुठून येणार? आयुष्यात बघितलेली एकमेव उघडी जिवंत तार म्हणजे लोकलवरची. संक्रांतीला पतंग तिथेच अडकतो. ओला मांजा, किंवा धातूची पूड लावलेला मांजा, आणि दुसऱ्या टोकाला गच्चीत किंवा पुलावर अनवाणी उभं असलेलं पोर. मजले तुम्हीच मोजा. दादरच्या टिळक पुलावरून जाताना मुलांना रुळांवरच्या बाजूला कठड्याला लावलेले पत्रे दाखवा आणि ते का लावले असतील ते विचारा. १,५०० चे २५,००० करताना जुन्या ठेंगण्या पुलांखाली तार आणि पूल यांच्यात पुरेशी फट ठेवणं हे रेल्वेलाही मोठं कोडं होतं. फट बदलली नाही आणि व्होल्ट वाढले तर उतार वाढणारच.

फरशीवरचे खडू

माझ्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती मी कशी केली ते सांगून थांबते. कोणालाही करता येईल, साहित्य फक्त खडू.

व्हरांड्यात भिंतीलगत एक रेघ मारली आणि लिहिलं २५,०००. ही तार. पाच मीटरवर दुसरी रेघ, शून्य. हा रूळ. मधे दर मीटरला एकेक रेघ: २०,०००, १५,०००, १०,०००, ५,०००. (खऱ्या तारेभोवती रेघा अशा समान अंतरावर नसतात, तारेजवळ दाट असतात. पण सुरुवातीला हे चालतं.) मग मुलांना उभं केलं. रेघेवर दोन्ही पाय ठेवून उभं राहा, तुझ्या दोन पायांत किती व्होल्ट? शून्य. एक पाय वीस हजारवर, एक पंधरावर? पाच हजार. पाय जुळवून उभं राहा आणि मग फाका, काय बदललं? इथपर्यंत सगळे खूश.

मग शून्याची रेघ पुसली आणि भिंतीपासून एका फुटावर आणली. त्याच सगळ्या रेघा आता त्या एका फुटात बसवायला सांगितल्या. मुलं खाली वाकून रेघा मारू लागली आणि त्या एकमेकींना चिकटायला लागल्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, आता तर एका पावलातच सगळे व्होल्ट संपतात." विद्युतक्षेत्र हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. आधी नाही.

खिडकीजवळच्या त्या मुलाला बोलावलं आणि सांगितलं की त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं होतं. आता तू सांग. तो भिंतीजवळच्या रेघेवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, म्हणाला, "असं बसतं." मग थोडा थांबून त्याने हात पसरला आणि शेजारच्या लोखंडी खांबाला लावला. "आणि बाई, कबुतराने असा पंख लावला तर?"

वर्गात एकदम शांतता झाली. मग चारपाच जण एकदमच बोलले. खांब जमिनीत रोवलेला, म्हणजे शून्य. मी काहीच सांगितलं नव्हतं. तार आणि खांब यांच्यामध्ये ते तपकिरी चिनीमातीचे डमरू लावलेले असतात ते कशासाठी, हेही त्यांनीच शोधलं. त्या डमरूंजवळ कधीकधी कावळा मरून पडलेला दिसतो, आणि मोठ्या पंखांचे पक्षी जास्त का मरतात, हा पुढचा प्रश्न निघाला तेव्हा मधली सुट्टी झाली.

सुट्टीनंतर येऊन बघितलं तर मावशींनी व्हरांडा स्वच्छ पुसून काढलेला. दुसऱ्या दिवशी परत रेघा मारल्या, या वेळी तारेजवळ दाट आणि लांब गेल्यावर विरळ, मुलांनीच.